पत्ता टाकणारा हात दिसला पाहिजे : गेममधलं ट्वीन आणि ईझिंग

(या भागाचं हे लिखित रूप. दोनदा बोललेलं आणि अडखळलेलं काढून टाकलं आहे. बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)

गेले काही दिवस तुमच्याकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "ताई, माझा गेम चालतो. एरर येत नाही. पण खेळायला कोरडा वाटतो. काय कमी आहे?" आज त्याच्यावरच बोलूया. आणि घाबरू नका, बसमध्ये उभं राहून ऐकत असाल तरी चालेल, कोडच्या ओळी वाचून दाखवणार नाहीये. गोष्ट सांगणार आहे. माझ्या आजीची आणि बदाम सातची.

माझी आजी साताऱ्याला असते. दुपारी चारचा चहा झाला की तिच्याकडे पत्त्यांचा डाव बसायचा. चौघीजणी, बावन्न पत्ते, प्रत्येकीला तेरा. रोज बदाम सात. मग एक काकू मुलाकडे नाशिकला राहायला गेल्या, दुसरीचे गुडघे जिना चढू देईनात, आणि डाव मोडला. दिवाळीत मी घरी गेले तर पत्त्यांचा जोड कपाटात, रबर लावून ठेवलेला. मी तेव्हा गोडो शिकत होते. म्हटलं, आजीला फोनवर बदाम सात करून देऊ. ती एक, बाकी तिघं कॉम्प्युटरचे.

गोडो ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एका वाक्यात : हे गेम बनवायचं फुकट आणि मुक्त इंजिन आहे. अर्जेंटिनात हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झूर या दोघांनी सुरू केलेलं, आणि २०१४ पासून सगळ्यांसाठी खुलं. एडिटर अँड्रॉइड फोनवरही चालतो, फक्त छोट्या स्क्रीनवर डोळे आणि बोटं दोन्ही दमतात.

तर आठ दिवसांत माझा गेम तयार. नियम पक्के. बदामची सत्ती आधी, मग अठ्ठी वर, छक्की खाली, येत नसेल तर पास. मी स्वतः पन्नास डाव खेळून तपासले. आजीच्या हातात फोन दिला. ती दोन डाव खेळली आणि फोन उशीवर ठेवला.

"काय गं, आवडला नाही?"

"हा फोन लबाडी करतो."

मला रागच आला. म्हटलं, आजी, लबाडी कशी करेल, नियम मी लिहिलेत. तर म्हणाली, "अगं, पत्ता एकदम उगवतो. कुणी टाकला, कुठून आला, कळत नाही. पत्ता टाकणाऱ्याचा हात दिसला पाहिजे. हात दिसला नाही तर मी लक्ष कुणावर ठेवू?"

आता बदाम सात खेळलेल्यांना यातली मेख लगेच कळेल. या खेळात नशीब तेरा पत्त्यांपुरतं. बाकी सगळं लक्ष ठेवण्यात आहे. किलवरची छक्की कोण दाबून बसलंय? कोण पास म्हणालं, म्हणजे त्याच्याकडे काय नाही? हे बघता आलं नाही तर तो खेळच राहत नाही, नुसतं पत्ते मांडणं होतं. माझ्या गेममध्ये नियम होते, पण ही माहिती नव्हती. ती कुठे हरवली? तर एका फ्रेममध्ये.

बघा काय होतं. साधारण फोनची स्क्रीन सेकंदाला ६० वेळा नव्याने काढली जाते. म्हणजे एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. मी काय केलं होतं? पत्त्याची पोझिशन म्हणून थेट टेबलावरची जागा लिहिली होती. एका फ्रेममध्ये पत्ता डावीकडच्या खेळाडूकडे, पुढच्या फ्रेममध्ये टेबलाच्या मधोमध. डोळ्याला तो सरकताना दिसत नाही. एक पत्ता नाहीसा झाला आणि दुसरा उगवला, एवढंच दिसतं. आजी "उगवतो" म्हणाली ते अगदी बरोबर होतं.

यावर इलाज म्हणजे ट्वीन. हा शब्द "इन-बिटवीन" वरून आला, मधलं, अधलंमधलं. हाताने कार्टून काढायच्या काळात मुख्य चित्रकार महत्त्वाच्या पोझ काढायचे, आणि त्यांच्या मधली चित्रं भरायला वेगळी माणसं असायची. आज ते काम इंजिन करतं. तुम्ही सांगायचं, सुरुवात ही, शेवट हा, वेळ इतका. मधलं तू भर.

गोडोमध्ये हे दोन पायऱ्यांत होतं. आधी "क्रिएट ट्वीन" म्हणून ट्वीन तयार करायचा. मग "ट्वीन प्रॉपर्टी" म्हणून त्याला चार गोष्टी सांगायच्या : कुठली वस्तू, तिची कुठली प्रॉपर्टी, शेवटी किंमत किती हवी, आणि किती सेकंदांत. सुरुवातीची किंमत सांगावी लागत नाही, ती पायरी सुरू होताना जी असेल ती धरली जाते. आणि प्रॉपर्टी म्हणजे फक्त जागा नाही बरं का. आकार, फिरवण्याचा कोन, रंग, पारदर्शकता, आवाजाची पातळी, जे काही आकड्यांत मोजता येतं आणि हळूहळू बदलता येतं ते सगळं ट्वीन होतं.

एक सूचना इथेच देते. नेटवर जुने व्हिडिओ बघाल तर त्यात ट्वीन नावाचा नोड सीनमध्ये टाकायला सांगतात. ती गोडो ३ ची पद्धत. गोडो ४ मार्च २०२३ मध्ये आलं, त्यात तो नोड नाही. शोधत बसू नका. मी अर्धा दिवस घालवलाय.

तर मी पत्त्याला ट्वीन लावला. आता पत्ता खेळाडूकडून निघून टेबलापर्यंत सरकत जायला लागला. पण बघताना मला कसंसंच वाटत होतं. पत्ता सरकत्या पट्ट्यावरच्या सामानासारखा यायचा आणि खटकन थांबायचा. कारण मी वेगाबद्दल काहीच सांगितलं नव्हतं, आणि काही सांगितलं नाही की गोडो "लिनियर" धरतं, म्हणजे पूर्ण वेळ एकच वेग. खऱ्या जगात असं काही हलतं का? एसटी स्टँडवरून सुटताना हळू सुटते, मग वेग घेते, आणि थांब्याआधी ब्रेक लागतो. वेगाच्या या चढउताराला ईझिंग म्हणतात. कार्टूनवाल्यांना हे फार आधीपासून माहीत होतं. डिस्नेचे फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या "द इल्युजन ऑफ लाइफ" या पुस्तकात ॲनिमेशनची बारा तत्त्वं मांडली, त्यातलं एक हेच आहे : सावकाश निघा, सावकाश पोहोचा.

आता थोडं गणित. ऐकता ऐकता होईल इतकंच.

समजा पत्त्याला ४०० पिक्सेल जायचं आहे. वेळ अर्धा झाला. पत्ता कुठे असेल? लिनियरमध्ये बरोबर मध्यावर, २०० वर. आता "ईझ आउट" लावा, म्हणजे निघताना जोरात आणि पोहोचताना हळू. वर्गाचं सूत्र असं : उरलेल्या वेळेचा वर्ग करा आणि तो एकातून वजा करा. उरलेला वेळ अर्धा, त्याचा वर्ग पाव, एकातून पाव गेले तर पाऊण. म्हणजे पत्ता ३०० पिक्सेलवर पोहोचलेला. वर्गाऐवजी घन घेतला तर ३५० वर. उलट "ईझ इन" लावलंत, म्हणजे आधी रेंगाळायचं आणि मग धावायचं, तर वर्गाच्या हिशोबाने अर्ध्या वेळेत पत्ता फक्त १०० पिक्सेल गेलेला असतो. अंतर तेच, वेळ तोच. पण एकात पत्ता हाताने टाकल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्यात तो आळस देऊन उठल्यासारखा.

गोडोमध्ये हे दोन खटक्यांनी ठरतं. पहिला "ट्रांझिशन", म्हणजे वक्राचा प्रकार : साइन, क्वाड, क्युबिक, बॅक, बाउन्स, इलॅस्टिक वगैरे. दुसरा "ईझ", म्हणजे तो वक्र कुठल्या टोकाला लावायचा : सुरुवातीला, शेवटी, की दोन्हीकडे. फ्लॅशच्या जमान्यात रॉबर्ट पेनर नावाच्या प्रोग्रॅमरने ही सूत्रं लिहून सगळ्यांना देऊन टाकली होती, आणि आजही बहुतेक ठिकाणी तुम्हाला त्याच कुळातली नावं दिसतील.

मी काय निवडलं? तुम्ही ओळखलं असेल. सगळं! नवं खेळणं मिळालं होतं ना. पत्ता टेबलावर पडताना चेंडूसारखा उसळायचा. सत्ती लागली की रबरासारखी थरथरायची. "पास" ची पाटी "बॅक" ने पुढे जाऊन मागे यायची. बॅकची नेहमीची सूत्रं साधारण दहा टक्के पुढे जातात, म्हणजे ४०० पिक्सेलच्या प्रवासात ४० पिक्सेल पलीकडे जाऊन परत. मित्रांना दाखवलं, सगळे म्हणाले, भारी! आजीने एक डाव खेळला, चष्मा काढला, डोळे मिटून बसली. "गरगरतंय गं."

तेव्हा मला लाज वाटली. कारण हे सगळं मी तिच्यासाठी केलंच नव्हतं. मित्रांनी भारी म्हणावं म्हणून केलं होतं. आजीने मागितलं होतं एवढंच की कुणी टाकलं ते दिसू दे. मग मी बसून प्रत्येक ट्वीनला एक प्रश्न विचारला : ही हालचाल खेळणाऱ्याला काय सांगते? पत्ता हातातून टेबलाकडे जातो, हे सांगतं कुणी टाकला. ठेवला. ज्याची पाळी त्याचं नाव किंचित उजळतं, हे सांगतं आता बघ कुणाकडे. ठेवलं. सत्ती थरथरते, हे काय सांगतं? काही नाही. काढलं. बावीस ट्वीन होते, सात उरले. पत्त्याला क्युबिक, ईझ आउट, ०.३५ सेकंद. आणि सेटिंगमध्ये एक बटण ठेवलं, "हालचाल कमी". ते दाबलं की पत्ता सरकत नाही, ज्याने टाकला त्याच्या नावासमोर क्षणभर दिसतो आणि मग टेबलावर येतो. गरगरणारी माणसं फक्त म्हातारी नसतात. तुमच्या वर्गातही असतील, ती सांगत नाहीत एवढंच.

आजी खेळायला लागली. चार दिवसांनी फोन आला. "अगं, उजवीकडच्याची पाळी मधूनच जाते. बिचाऱ्याला टाकूच देत नाही."

मी म्हटलं, शक्य नाही. माझ्या फोनवर तर एकदाही होत नव्हतं. दोन दिवस कोड उपसला. शेवटी व्हिडिओ कॉल लावून म्हटलं, आजी, तू खेळ, मी बघते. आणि दिसलं. आजीचं बोट कापतं. ती पत्त्याला एकदा टॅप करते, पण बोट दोनदा टेकतं.

आता यात चूक कुठली ते नीट ऐका, कारण ही चूक तुम्ही करणार आहात. मी पाळी पुढे नेण्याचं काम ट्वीनच्या शेवटी लावलं होतं. गोडोमध्ये "ट्वीन कॉलबॅक" म्हणून पायरी असते, हालचाल संपली की अमुक फंक्शन चालव. पहिल्या टॅपला एक ट्वीन सुरू झाला. तो ०.३५ सेकंद चालणार. तेवढ्यात दुसरा टॅप, दुसरा ट्वीन. डोळ्याला काहीच वेगळं दिसलं नाही, कारण एकाच प्रॉपर्टीवर दोन ट्वीन असले की शेवटी बनवलेला जिंकतो. पत्ता नीट टेबलावर गेला. पण कॉलबॅक दोन्ही चालले. पाळी दोनदा पुढे गेली. उजवीकडचा बिचारा उपाशी.

म्हणजे आजी पहिल्या दिवशी म्हणाली तसं आता खरंच झालं होतं. फोन लबाडी करत होता. ज्याचं बोट कापतं त्याच्याशीच करत होता. आणि माझ्या पन्नास डावांच्या तपासणीत ते दिसणं शक्यच नव्हतं, कारण ती मी माझ्या बोटाने केली होती.

दुरुस्ती साधी होती. टॅप झाल्याक्षणी आधी खेळातलं खरं बदलायचं : पत्ता हातातून वजा, टेबलावर जमा, पाळी पुढे. मग ट्वीन चालवायचा, फक्त दाखवायला. दुसरा टॅप आला तर तो पत्ता हातात नाहीच, म्हणून काही होत नाही. मी भिंतीवर चिकटवून ठेवलंय : आधी खेळ, मग देखावा. ट्वीन अर्ध्यात तुटला, कॉल आला, ॲप मागे गेलं, तरी हिशोब बरोबर राहिला पाहिजे.

याच कुळातली दुसरी चूक. पत्ता निवडला की तो "आहे तिथून ३० पिक्सेल वर" जावा असं मी लिहिलं होतं. भराभर टॅप केलं तर अर्ध्या वाटेवरून पुन्हा ३० वर, पुन्हा ३० वर, आणि पत्ता स्क्रीनच्या बाहेर. उपाय : प्रत्येक पत्त्याची मूळ जागा लिहून ठेवा, आणि वर-खाली नेहमी त्या जागेवरून मोजा. नवा ट्वीन सुरू करण्याआधी जुना चालू असेल तर त्याला "किल" करा. नाव भयंकर आहे, पण काम चांगलं करतं.

मग आजीची शेवटची तक्रार. "ते तिघं फार घाई करतात. विचार तरी करू दे त्यांना." कॉम्प्युटरला पत्ता ठरवायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. आजीचा पत्ता पडला की तिघांचे पत्ते धडाधड यायचे. तिला बघायला सवडच नाही. यासाठी "ट्वीन इंटरव्हल" असतं, नुसतं थांबणं. ट्वीनच्या पायऱ्या मुळात एकामागून एकच चालतात, म्हणून मी प्रत्येकाच्या आधी ०.८ सेकंदांचं थांबणं घातलं. थांब, टाक, थांब, टाक.

इथे मी थोडी अडखळले. कारण तो विचार करण्याचा वेळ खोटा आहे. कॉम्प्युटर विचार करत नाहीये, मी तसं भासवतेय. मग लबाडी कशाला म्हणायची?

तुम्ही शॉपिंग ॲपमधलं नशिबाचं चाक फिरवलं असेल. जोरात सुटतं, हळू होत जातं, मोठ्या बक्षिसाच्या अगदी जवळ येतं, आणि जेमतेम एक घर पुढे सरकून "पुन्हा प्रयत्न करा" वर थांबतं. आपण म्हणतो, अरे, थोडक्यात गेलं! आता तुम्हाला ट्वीन कळलाय, तर सांगा, असं चाक बनवायची सगळ्यात सोपी रीत कुठली? निकाल आधी ठरवायचा. त्यावरून शेवटचा कोन काढायचा. आणि तिथपर्यंत ईझ आउटने, चार सेकंदांत, फिरवायचं. चाकाला वजन नाही, घर्षण नाही. "थोडक्यात गेलं" असं काही घडलेलंच नसतं, ते कुणीतरी निवडलेल्या कोनाचं नाव असतं. म्हणजे "आधी खेळ, मग देखावा" हाच नियम तिथेही आहे. हत्यार एकच, चालवणारे हात वेगळे.

मी माझ्यापुरता फरक असा केलाय. माझं ०.८ सेकंदांचं थांबणं आजीला खरं ते बघायला वेळ देतं : कुणी काय टाकलं, कुणी पास म्हणालं. ते चाक न घडलेलं घडल्यासारखं दाखवतं, आणि म्हणून तुम्ही पुन्हा बोट लावता. तुम्ही गेम बनवाल तेव्हा कुणीतरी तुम्हाला तसं चाक बनवायला सांगेल. तेव्हा हे आठवा.

आता तुमचा गृहपाठ. फोनच्या सेटिंगमध्ये "अबाउट फोन" मध्ये जाऊन "बिल्ड नंबर" वर सात वेळा टॅप केलं की अँड्रॉइडमध्ये डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. काही फोनमध्ये हे जरा आत दडलेलं असतं, शोधावं लागेल. तिथे "ॲनिमेटर ड्युरेशन स्केल" नावाची ओळ आहे, तिच्या शेजारीच विंडो आणि ट्रांझिशनच्या दोन ओळी. तिन्ही पाचपट करा. बाकी कशाला हात लावू नका! दहा मिनिटं फोन तसाच वापरा. ॲप कुठून उघडतं, कुठे जाऊन मिटतं, कुठे हळू होतं, सगळं दिसेल. मग तिन्ही बंद करून दहा मिनिटं वापरा. काय हरवलं ते लिहून मला पाठवा. आणि नंतर पुन्हा एकपट करायला विसरू नका, नाहीतर घरचे म्हणतील फोन बिघडवला.

आजीचं काय झालं? रोज चारला खेळते. मागच्या आठवड्यात खालच्या मजल्यावर जाऊन, गुडघेवाल्या काकूंच्या फोनवरही गेम टाकून घेतला. दोघी शेजारी बसून आपापल्या फोनवर वेगवेगळे डाव खेळतात आणि एकमेकींना सांगतात कोण काय दाबून बसलंय. आता म्हणतेय, दोघींना एकाच डावात बसव. म्हणजे मला नेटवर्किंग शिकावं लागणार. पुढचा भाग बहुतेक त्याचाच.

तोपर्यंत, भेटू. काळजी घ्या, आणि आपला गेम एकदा तरी आजीच्या हातात देऊन बघा.